तळ्याचा गाळ काढायचा, पण कुठून? बेळगाव तालुक्यातील गावतळ्याचे प्रकरण

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात भात होते, माळावर रताळी होतात आणि गावागणिक एखादे तळे असते. तळे गाळाने भरले की मागणी एकच असते: गाळ काढा, तळे खोल करा. मागणी रास्तच आहे. मार्चमध्ये म्हशींना पाणी नसते, तळ्याखालच्या विहिरी आटतात, रब्बीचा मसूर आणि वाटाणा पाण्यावाचून अडतो. काम मंजूर होते, पोकलेन येते, दोन महिन्यांत तळे खोल होते. पुढच्या हिवाळ्यात पाणी असते, पण काठावरचे पक्षी नसतात. गाळ काढण्याने पक्षी गेले असे मग म्हटले जाते आणि गाव विरुद्ध पक्षीमित्र असा वाद उभा राहतो. हा वाद टाळता येतो. तेवढाच गाळ, जवळपास तेवढ्याच पैशात, दुसऱ्या जागेवरून काढला तर गावाला पाणी जास्त दिवस पुरते आणि काठही शाबूत राहतो.

इथे घेतलेले तळे नमुन्याचे आहे. कोणत्याही एका गावाकडे बोट दाखवायचे नाही. या पट्ट्यातील तळ्यांची जी ठेवण असते ती एका तळ्यात आणली आहे आणि हिशेब कुणालाही ताडून पाहता यावा म्हणून मापे गोल धरली आहेत.

तळ्याची ठेवण

पश्चिमेकडून ओढा तळ्यात येतो. पूर्वेला चार मीटर उंचीचा मातीचा बांध आहे, त्याच्या मध्यावर पाणी सोडायची मोरी आणि उत्तरेच्या टोकाला सांडवा. तळे काठोकाठ भरले की पाण्याची लांबी २५० मीटर आणि रुंदी १६० मीटर होते, म्हणजे ४ हेक्टर, आपल्या हिशेबाने दहा एकर. ओढ्याच्या तोंडाशी खोली शून्य आणि बांधापाशी २ मीटर. मोरीखाली भाताची खाचरे, दक्षिणेच्या काठाने गाडीवाट, ओढ्याच्या बाजूला लव्हाळे आणि पाणकणीस.

पक्ष्यांच्या दृष्टीने यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा खोलीचा नाही, उताराचा आहे. २५० मीटरमध्ये २ मीटर, म्हणजे १२५ मीटर चालल्यावर एक मीटर खाली. हा उतार डोळ्यांना दिसतही नाही. पाणी १ सेंटिमीटर उतरले की सव्वा मीटर रुंदीची चिखलाची नवी पट्टी उघडी पडते. १० सेंटिमीटर उतरले की साडेबारा मीटर, तळ्याच्या सगळ्या रुंदीवर धरली तर जवळपास २० गुंठे. बाष्पीभवन, झिरप आणि मोरीचा वापर मिळून नोव्हेंबरपासून पाणी रोज थोडे थोडे उतरतच असते, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च या तळ्यात रोज नवे ताट वाढले जाते.

ही पट्टी जवळून पाहावी. पाण्याला लागून बोटभर पाण्याखालचा चिखल अजून हलता असतो. त्यात डासासारख्या माश्यांच्या लाल अळ्या, बारीक कृमी आणि शिंपले असतात. छोटा टिलवा आणि छोटा कंठेरी चिखल्या या ओल्या कडेवर पळतात. ठिपकेवाली तुतारी चार-पाच सेंटिमीटर पाण्यात उतरते, शेकाट्या लांब पायांवर वीतभर पाण्यात उभा राहतो. त्यापुढे ढोपरभर पाण्यात भुवई बदक आणि थापट्या चोचीने पाणी गाळतात, तलवार बदक मान बुडवून शेपूट वर करतो. वारकरी बुडी मारून खोल पाण्यातून पाणवनस्पती आणतो. मागच्या बाजूला, दोन-तीन दिवसांपूर्वी उघड्या पडलेल्या चिखलाला भेगा पडू लागतात, अळ्या खाली जातात आणि तिथे पिवळा धोबी तेवढा उरतो. चिखल आठवडाभर जुना झाला की त्याचे काम संपले. म्हणून नुसती उथळ जागा पुरत नाही, पाणी उतरताना सरकत जाणारी उथळ जागा लागते.

आपल्याच जिल्ह्यातला धुपदाळचा फुगवटा याचे मोठे उदाहरण आहे. १८९७ मध्ये घटप्रभेवर बंधारा झाला, त्यामागे पसरट, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली. १९७४ मध्ये त्या सुमारे तीस चौरस किलोमीटर परिसराला घटप्रभा पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. कांड्या करकोचा आणि युरोपातून येणारा पांढरा करकोचा तिथे हिवाळ्यात उतरतात. पाटबंधाऱ्यासाठी केलेल्या कामातून पक्ष्यांची जागा तयार होते, याला याहून मोठा पुरावा नको.

पहिले अंदाजपत्रक आणि त्याचे काय होते

कागदावर लिहिलेले असते: सर्व तळ्यातून सरासरी ३० सेंटिमीटर गाळ काढणे, एकूण १२,००० घनमीटर. ४ हेक्टर गुणिले ०.३ मीटर, हिशेब बरोबर आहे. तसेच काम झाले असते तरी फायदा थोडा होता. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून रोज ५ ते ७ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते. सगळीकडे वाढवलेली ३० सेंटिमीटर खोली सहा मिलिमीटरच्या हिशेबाने ५० दिवसांत उडून जाते, झिरप वेगळीच.

पण कागदासारखे काम होतच नाही आणि त्यामागे कुणाची लबाडी असायलाच हवी असे नाही. मार्चअखेर बांधाजवळ अजून पाणी किंवा गुडघाभर राड असते. पोकलेन तिथे रुतते, टिपर फसतो. पश्चिमेचा भाग मात्र जानेवारीपासून वाळलेला, गाडीवाटेला लागून. ठेकेदार साहजिकच तिथून सुरुवात करतो. घनमीटरचे माप भरायचे असल्याने तो तिथेच मीटर, दीड मीटर खोल जातो, कडा उभ्या कापतो आणि बांधाजवळची ओल वाळेपर्यंत माप पूर्ण होऊन बिल निघते. बेळगावच्या आसपास वीटभट्ट्या पुष्कळ. चिकण मातीला गिऱ्हाईक असले की खड्डा ठरल्यापेक्षा मोठा होतो.

परिणाम असा: तळ्याचा उथळ भाग खोल झाला आणि मुळात खोल असलेला भाग तसाच गाळाने भरलेला राहिला. उभ्या कडेवर पाणी १० सेंटिमीटर उतरले तर १० सेंटिमीटर भिंत ओली दिसते, चिखल उघडा पडत नाही. म्हैस उतरू शकत नाही, उतरली तर चढू शकत नाही. पावसाळ्यात असे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि पोहायला गेलेली मुले त्यात जातात. पश्चिमेकडे तळाचा चिकण थर पातळ असतो, त्याखाली मुरूम किंवा जांभा लागतो. तो थर फोडला की पाणी खाली झिरपून जाते आणि खोल केलेले तळे आधीपेक्षा लवकर आटते. गावाचेही नुकसान, पक्ष्यांचेही.

तेवढाच गाळ, बांधाकडून

पर्यायी आखणी साधी आहे. बांधाच्या पायथ्यापासून, बांधाच्या उंचीच्या दुप्पट म्हणजे ८ मीटर जागा सोडायची. ही जागा खोदली तर बांध घसरतो, यात तडजोड नाही. त्यापुढे बांधाला समांतर १५० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद खड्डा, खोली आजच्या तळापासून दीड मीटर, चारही बाजूंचा उतार १ ला ३, म्हणजे एक मीटर खोलीला तीन मीटर आडवे. वरचे क्षेत्र ९,००० चौरस मीटर, तळाचे सुमारे ७,२००, मधली सरासरी धरून दीड मीटरला साधारण १२,१०० घनमीटर गाळ निघतो. अंदाजपत्रकातील आकडा तोच राहिला आणि पश्चिमेचा १८० मीटरचा उतार, म्हणजे तळ्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग, फावडेही न लावता शिल्लक राहिला.

पाण्याचा हिशेब इथे गावाच्या बाजूने फिरतो. एप्रिलअखेर पश्चिमेचा सगळा भाग उघडा पडला तरी खड्ड्यात दीड-दोन मीटर पाणी असते, आणि पसारा ४ हेक्टरवरून १ हेक्टरच्या खाली आल्याने वाफ होणारे पाणी चौपट कमी होते. मासे जगतात, म्हशींना मे महिन्यातही पाणी मिळते. गावसभेत पक्ष्यांच्या आधी हा हिशेब मांडावा. पाण्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर आधी दिले तर उरलेले बोलणे लोक मन लावून ऐकतात.

खोदण्याआधी चाचणीचे सहा खड्डे घ्यावेत, तीन खड्ड्याच्या मध्यरेषेवर आणि तीन कडांवर, प्रत्येकी दोन मीटर खोल. काळा-करडा गाळ कुठे संपतो, चिकण थर किती जाड आहे आणि मुरूम कुठे लागतो याची नोंद प्रत्येक खड्ड्यासाठी करावी. मुरमाच्या वर किमान ३० सेंटिमीटर चिकण माती राहिलीच पाहिजे. एखाद्या ठिकाणी मुरूम एक मीटरवरच लागला तर तिथे खोली कमी करून खड्डा लांबवावा.

गाळ शेतात टाकणे हा उत्तम उपयोग आहे. एका एकरावर ५ सेंटिमीटरचा थर द्यायला सुमारे २०० घनमीटर, म्हणजे ७० ब्रास गाळ लागतो. या हिशेबाने तळ्याचा गाळ साठ एकरांना पुरतो. त्याहून जाड थर भाताच्या खाचरात देऊ नये, पहिल्या वर्षी माती आवळून येते. गावाचे सांडपाणी तळ्यात येत असेल किंवा रंगीत मूर्तींचे विसर्जन होत असेल तर आधी नमुना तपासून घ्यावा. जिल्ह्यात मत्तिकोप्प आणि तुक्कानट्टी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, माती परीक्षणाची चौकशी तिथे करता येते. शेतकऱ्यांची यादी आणि ब्रासचा आकडा काम सुरू होण्याआधी पंचायतीत लिहून ठेवला की वीटभट्टीसाठी जादा खोदकाम करायला वाव राहत नाही.

पाणी उतरवण्याची घाई नको

बांधाकडचा भाग कोरडा करणे हेच या आखणीतले अवघड काम, आणि ठेकेदाराचा पहिला आक्षेपही तोच असतो. त्याचे उत्तर फेब्रुवारीत द्यावे लागते. साधारण १० फेब्रुवारीला बांधापाशी सव्वा मीटर पाणी असेल तर मोरी थोडी उघडून रोज ३ सेंटिमीटर पाणी सोडावे. ४० दिवसांत, २० ते २२ मार्चपर्यंत, बांधाकडचा तळ उघडा पडतो. हे पाणी मसूर, वाटाणा आणि भाजीपाल्याला जाते, वाया जात नाही. रोज ३ सेंटिमीटर म्हणजे पावणेचार मीटर चिखलपट्टी. उत्तरेकडे परतण्याआधी अंगात चरबी साठवणाऱ्या तुताऱ्यांना आणि टिलव्यांना नेमके याच दिवसांत भरपूर खाणे हवे असते. उलट मोरी पूर्ण उघडून चार दिवसांत तळे रिकामे केले तर चिखल एकदम उघडा पडतो, आठवड्यात वाळतो आणि मासेही चिखलात मरतात.

शेवटची वीतभर राड पंपाने आणि चराने काढावी लागते. त्यासाठी आठ-दहा दिवसांचा पंपाचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. तो दाखवला नाही तर ठेकेदार पुन्हा कोरड्या बाजूला वळतो. खड्डा उत्तर आणि दक्षिण अशा दोन तुकड्यांत खोदावा, मध्ये मातीचा वरंबा ठेवून. एका बाजूला काम चालू असताना दुसरीकडे पाणी राहते, जनावरांची सोय होते, मासे आणि कासवे तिथे सोडता येतात. चिखलात दडून बसलेली कासवे पोकलेनच्या बकेटमध्ये हमखास सापडतात. ट्रॉलीत पडण्याआधी ती उचलायला एक माणूस नेमलेला असावा.

यंत्राची गती धरून काम किती दिवसांचे? ओल्या गाळात एक पोकलेन दिवसाला सुमारे ५०० घनमीटर काढते, म्हणजे २४ ते २५ दिवस. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ढोबळमानाने एक ब्रास, २.८३ घनमीटर बसतो. दिवसाला १७५ ते १८० खेपा होतात. एक खेप अर्ध्या तासाची धरली तर ११-१२ ट्रॅक्टर लागतात. २२ मार्चला सुरुवात करून १५ मे ही शेवटची तारीख ठेवावी. दिवस जास्त ठेवायचे कारण वळीव. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळवाचे दोन चांगले पाऊस झाले की चार-पाच दिवस यंत्र हलत नाही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस येतो, तेव्हा अर्धवट उतार आणि मोकळी माती तळ्यात राहिली तर काढलेला गाळ परत खड्ड्यात जातो.

ट्रॅक्टरची वाट एकच असावी, दक्षिण काठाने, पाच मीटर रुंद, दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ मारलेली. मोकळीक दिली तर ट्रॅक्टर जवळची वाट म्हणून पश्चिमेचा सगळा उतार तुडवतात. चाकांनी दाबलेला चिखल पुढच्या हिवाळ्यात दगडासारखा घट्ट असतो, त्यात चोच जात नाही. काम संपल्यावर ही वाटही नांगराने उकरून द्यावी.

घरटी आणि यंत्र एकाच जागी येतात

हिवाळी पाहुणे गेले म्हणजे तळे मोकळे झाले असे वाटते. तसे नसते. मार्च ते जून या काळात टिटवी, शेकाट्या आणि छोटा कंठेरी चिखल्या उघड्या पडलेल्या तळावरच अंडी घालतात, म्हणजे बरोबर कामाच्या दिवसांत. शेकाट्याचे घरटे पाहायचे तर पाण्यापासून थोड्या उंच ढेकळावर काड्यांचा लहानसा थर शोधावा. वर चार अंडी, चिखलाच्याच रंगाची, काळ्या डागांची, टोके आत वळवलेली. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला ती दिसणे अशक्य आहे. टिटवी निदान डोक्यावर ओरडत फिरते, चिखल्या मात्र गुपचूप उठून दूर पळतो आणि पंख मोडल्याचे सोंग करतो.

दर आठवड्याला एकदा, सकाळी, दोन माणसांनी वाटेच्या आणि खड्ड्याच्या कडेने चालत जावे. घरटे सापडले की त्यापासून ५ मीटरवर लाल फडके बांधलेली काठी रोवावी, अगदी जवळ नको, कारण काठीवर कावळा बसतो. यंत्राने ३० मीटर लांबून जावे. चिखल्या आणि शेकाट्याची अंडी साधारण २२ ते २६ दिवसांत फुटतात, टिटवीची २८ ते ३० दिवसांत. पिले निघाल्यावर एखाद्या दिवसातच घरटे सोडून चालू लागतात, मग काठी काढावी. अंडी उचलून दुसरीकडे ठेवणे हा उपाय नव्हे, आईबाप पक्षी ती सोडून देतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस आणि घरट्यांना त्रास देणे शिकारीच्या व्याख्येतच येते, हे ठेकेदाराला कामाच्या आधी सांगून ठेवलेले बरे. घरट्याला सगळ्यांत मोठा धोका यंत्राचा नसून मोकाट कुत्र्यांचा असतो. कामगारांचे उष्टे अन्न तळ्यात टाकले गेले की कुत्री तिथेच मुक्काम ठोकतात. जेवणाची जागा बांधापलीकडे ठेवावी.

बेट, वनस्पती आणि उभी कड

बहुतेक ठिकाणी तळ्याच्या मधोमध गाळाचा उंच ढीग ठेवतात आणि त्याला बेट म्हणतात. पहिल्या दोन पावसाळ्यांत तो ढासळतो. बेट करायचे तर खड्ड्याच्या पश्चिम कडेत १५ बाय १० मीटरचा माथा धरावा, भरल्या पाण्याच्या पातळीपेक्षा ४० सेंटिमीटर उंच, सगळीकडून १ ला ३ उतार. यात सुमारे साडेसातशे घनमीटर गाळ मुरतो, म्हणजे अडीचशेहून जास्त खेपा वाचतात. भोवताली खड्डा फिरवून घ्यावा, म्हणजे एप्रिलपर्यंत बेटाला पाणी राहते आणि कुत्री पोचत नाहीत. माथ्यावर १० सेंटिमीटर मुरूम टाकावा, झाड लावू नये. दिवसा बदके अशा उघड्या माथ्यावर विसावतात, झाडावर शिकारी पक्षी बसू लागला की ती येत नाहीत. पाणकावळे आणि शराटींसाठी झाडे हवीच असतील तर नैऋत्येच्या कोपऱ्यात देशी बाभळीची पाच-सहा रोपे लावावीत. वेडी बाभूळ नको, ती सगळा काठ खाते.

पाणकणीस आणि लव्हाळे सरसकट काढून टाकण्याचा मोह होतो. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी आणि टिबुकली यांची वीण पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, याच वनस्पतीत होते. ओढ्याच्या तोंडाची एक तृतीयांश पट्टी ठेवावी. पाणकणीस त्याबाहेर पसरले असेल तर मे महिन्यात जमिनीलगत कापावे. पावसात कापलेली टोके पाण्याखाली गेली की बुडखे कुजतात, नुसती उपटून ती जात नाहीत. जांभळी पाणकोंबडी काठाच्या भाताचे नुकसान करते ही तक्रार खरी आहे. लव्हाळ्याची पट्टी जाड ठेवली तर पक्षी तिथेच चरतात, पूर्ण साफ केली तर भातात शिरतात.

केंदाळाला, म्हणजे जलपर्णीला, मात्र दया नको. ते हातानेच, फेब्रुवारीच्या आत, मुळांसकट ओढून बांधाच्या बाहेर टाकावे. काठावरच ढीग मारले तर पहिल्या सरीत पुन्हा पाण्यात येते. गावाचे सांडपाणी येत राहिले तर ते परत वाढेल. म्हणून ओढ्याच्या तोंडाशी १० बाय ५ मीटरचा, एक मीटर खोल गाळखड्डा खोदून घ्यावा. जड गाळ तिथेच बसतो आणि दर एप्रिलला एक दिवस ट्रॅक्टर लावून काढता येतो.

एक उभी कड ठेवायला हरकत नाही, पण पाण्यापासून दूर, गाडीवाटेच्या वरच्या बाजूला. वेडा राघू आणि खंड्या अशा मातीच्या भिंतीत बिळे करतात.

जाळ्यांचे काय

तळे खोल झाले की मासळीच्या लिलावाची बोली वाढते आणि तंगुसाची (नायलॉनच्या धाग्याची) बारीक जाळी रात्रभर पाण्यात राहू लागतात. त्यात टिबुकली, पाणकावळा, वारकरी आणि बुडी मारणारी बदके अडकतात आणि बुडून मरतात. लिलावाच्या अटींतच लिहावे: नोव्हेंबर ते मार्च पश्चिमेच्या उथळ भागात जाळे नाही, इतरत्र जाळे संध्याकाळी टाकून ठेवायचे नाही, फाटके जाळे काठावर सोडायचे नाही. माशांचे बीज कटला, रोहू आणि मृगळाचे सोडावे. थाई मागूर बंदी असलेला मासा आहे. तो सोडला की बाकीच्या माशांची आणि बेडकांची पिले खातो. गवत्या मासा पाणवनस्पती संपवतो आणि त्याबरोबर वारकरीही जातात.

कागद कसे करायचे

पाणथळ जागांचे २०१७ चे नियम दाखवून काम थांबवता येईल असे अनेकांना वाटते. त्या नियमांत सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय आणि भातखाचरे वगळली आहेत, त्यामुळे गावतळ्याला त्यांचा थेट आधार बहुधा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षणाची तत्त्वे लागू करण्यास सांगितले. आपले तळे त्या नोंदीत आहे का ते पाहून घ्यावे. पण भिस्त त्यावर ठेवू नये. शेतीसाठी बांधलेला तलाव पक्ष्यांसाठीही जपता येतो, हे विजयनगर जिल्ह्यातील अंकसमुद्राने दाखवले आहे. तो गावचा सिंचन तलाव २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. पट्टकादंब हंसांसाठी ओळखला जाणारा गदग जिल्ह्यातील मागडीचा तलावही त्याच वर्षी त्या यादीत आला.

खरा आधार ग्रामसभेच्या ठरावाचा. आधी कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपवर तळ्याचा सर्व्हे नंबर आणि हद्द पाहावी, मग तालुक्याच्या सर्व्हेअरकडून मोजणी करून दगड रोवून घ्यावेत. हद्द ठरली नसेल तर गाळ काढताना पश्चिमेचा उथळ भाग आणि लगतचे अतिक्रमण यांची सरमिसळ होते. अर्ज आणि अंदाजपत्रक कानडीत असते, म्हणून पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) देण्याचा नकाशा कानडी शब्दांसह, पण मुख्यतः आकड्यांत काढावा: खड्ड्याच्या चार कोपऱ्यांचे जीपीएस आकडे, खोली, उतार, न खोदायचा भाग तिरप्या रेघांनी भरलेला. तोच नकाशा निविदेला जोडला गेला पाहिजे. ठरावात असलेले आणि निविदेत नसलेले काहीही जागेवर होत नाही. खोदताना मोजमापासाठी मध्ये मध्ये न खोदलेले मातीचे खुंट ठेवावेत आणि ते मोजून झाल्यावरच काढावेत. शेवटच्या बिलाआधी उतार प्रत्यक्ष मोजावा: तीन मीटर आडवे जाऊन एक मीटर खाली. उभी कड दिसली तर बिल थांबवावे.

सुशोभीकरणाचा प्रस्ताव मागून येतोच. दगडी अस्तर, पदपथ, दिवे. पदपथ बांधावर करावा, पूर्ण तळ्याभोवती नको. पश्चिम काठावर दिवा नको.

मोजणी

काम योग्य झाले का हे पक्षी मोजूनच कळते, आणि मोजणी काम सुरू होण्याआधीच्या हिवाळ्यातच सुरू व्हायला हवी. बांध पूर्वेला असल्याने सकाळी बांधावर उभे राहिले की सूर्य पाठीशी असतो. बांधाची दोन टोके आणि दक्षिण काठावरचा एक उंचवटा अशा तीन ठरलेल्या जागा पुरतात. नोव्हेंबर ते मार्च महिन्यातून एकदा, सकाळी सात ते नऊ, तळ्याचे पश्चिम, मध्य आणि बांधाकडचे असे तीन भाग पाडून प्रत्येक जातीचा आकडा लिहावा. ज्या भागात काही नसेल तिथे शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये. मोरीच्या खांबावर दर १० सेंटिमीटरला रंगाची पट्टी मारून त्या दिवशीची पाण्याची पातळी टिपावी. पातळीशिवाय पक्ष्यांचा आकडा अर्धाच उपयोगी असतो. जानेवारीची मोजणी आशियाई पाणपक्षी गणनेच्या दिवसांत केली तर ती १९८७ पासून चालत आलेल्या नोंदीत जाते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी द्यायची तर तळ्यासाठी एकच ठिकाण ठरवून सगळ्यांनी तेच वापरावे.

पहिल्या हिवाळ्यात निराशा होऊ शकते. पाणी गढूळ असते, खड्ड्याच्या तळात जीवसृष्टी बसायला वेळ लागतो, वारकरी आणि बुडी मारणारी बदके कमी दिसतात. पश्चिमेचा उतार जसाच्या तसा राहिला असेल तर तुताऱ्या, टिलवे आणि शेकाट्या त्याच वर्षी दिसायला हवेत. ते दिसले नाहीत तर ट्रॅक्टरच्या वाटा, दाबलेला चिखल किंवा रात्रीची जाळी यांपैकी एक कारण जागेवर जाऊन शोधावे. दुसऱ्या वर्षीच्या आकड्यांवरून बदकांबद्दल बोलता येते. गाळखड्डा एप्रिलमध्ये साफ करण्याची जबाबदारी कुणाची, हे नाव आणि तारखेसह ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावे, कारण तो भरला की ओढ्याचा गाळ पुन्हा थेट पश्चिमेच्या उतारावर बसू लागतो.